एकोणतिसाव्या दिवसाचं बाळ

यंदाच्या श्रावणात आमच्या तालुक्याच्या रुग्णालयातून जिल्ह्याला नेताना साडेतीन महिन्यांचं एक बाळ गाडीतच गेलं. घाट अर्धा उतरला होता. दोन दिवसांनी गावातून निवेदन आलं, त्यात पहिली मागणी होती : तालुक्याला व्हेंटिलेटर द्या. त्यावर जी सभा झाली तिला मीही गेले होते. एका डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, व्हेंटिलेटर दिला तरी तो चालवणार कोण? इतक्या लहान जीवाच्या श्वासनलिकेत नळी घालणारा माणूस रात्री दोन वाजता इथे असणार आहे का? त्यावर एक पुढारी उठून म्हणाले, माणसाचं नंतर बघू, यंत्र तर येऊ द्या, यंत्र आलं की माणूस येतोच. टाळ्या पडल्या. दोन तास हेच चाललं होतं, यंत्र हवं की नको. नाकाला लावायची ऑक्सिजनची बारीक नळी आणि व्हेंटिलेटर या दोहोंच्या मधे काही असतं, हे त्या दोन तासांत एकानंही काढलं नाही. ते बाळ नेमकं त्या मधल्या जागेत गेलं.

मी बत्तीस वर्षं सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते, त्यातली बरीचशी मुलांच्या वॉर्डात आणि शेवटची सहा नवजात शिशू कक्षात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ब्राँकिओलायटिसनं, म्हणजे त्या बाळाला झालेल्या, फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजण्याच्या आजारानं दमलेल्या तान्ह्या बाळाला श्वासनलिकेत नळी न घालता, नाकावाटे हवेच्या दाबाचा आधार देण्याची सोय जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या मुलांच्या वॉर्डात असायलाच हवी. आणि त्या बाळापासून न हलणारी, शिकलेली परिचारिका हा त्या सोयीचा तितकाच भाग धरायला हवा, जितका नळी आणि पाण्याची बाटली. ती नसेल तर यंत्र बंद ठेवावं, इथपर्यंत मी जाते. पहिल्या वाक्याला मान हलवणारे बरेच जण दुसऱ्या वाक्याला गप्प होतात, तिसऱ्याला चिडतात. म्हणून हा लेख.

हा आजार म्हणजे नेमकं काय, ते ठाऊक नसल्यामुळेच निम्मा वाद भलतीकडे जातो. वर्षाच्या आतली बाळं, त्यातही दोन ते सहा महिन्यांची, ही याची गिऱ्हाइकं. कारण बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा विषाणू, जो मोठ्या माणसाला नुसती सर्दी देऊन जातो. आपल्याकडे पावसाळा आणि त्यानंतरचे दोनेक महिने वॉर्ड याच बाळांनी भरतो. दोन दिवस नाक वाहतं, मग खोकला, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती घरघरायला लागते. फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या आतून सुजतात, चिकट स्रावानं बुजतात. नळीची रुंदी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो सोळापट होतो. त्यामुळे आपल्या नळ्यांत जी सूज जाणवणारही नाही, ती तान्ह्याची वाट बंद करते. त्यातून ही बाळं मुख्यतः नाकानं श्वास घेतात, आणि नाक तर चोंदलेलं. आई सांगते, ‘अंगावर घेतलं की दोन घोट पितो नि सोडतो.’ हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम टाकून बाळाची कुंची सोडायची, कारण छाती उघडी केल्याशिवाय बरगड्यांखाली पडणारा खड्डा दिसत नाही.

या आजारावर औषध नाही. वाफेतून द्यायचं सल्बुटामॉल, स्टेरॉइड, अँटिबायोटिक, छातीवर थापट्या, यातलं सरसकट काही देऊ नका, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली स्पष्ट लिहिलं. तरी आपल्याकडे चिठ्ठीवर हे सगळं असतंच. खरे उपचार म्हणजे नाक मोकळं ठेवणं, पोटात दूध जात राहणं, लागला तर ऑक्सिजन, आणि वेळ. एवढ्यावर बहुतेक बाळं बरी होतात. जी होत नाहीत ती दमून जातात. मिनिटाला सत्तर श्वास घेत एखादं पाच किलोंचं बाळ रात्रभर चढण चढत असतं. पहाटे कधीतरी त्याचे श्वास कमी होतात, रडणं थांबतं, आणि नवख्या माणसाला वाटतं, झोपलं बिचारं. नाकाला लावलेली बारीक नळी रक्तातला ऑक्सिजन वाढवते, पण ही चढण ती कमी करत नाही. पडद्यावर ऑक्सिजन ९४ टक्के दिसत असताना बाळ संपत चाललेलं मी पाहिलं आहे.

चढण कमी करण्याची रीत पन्नास वर्षांहून जुनी आहे. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या जॉर्ज ग्रेगरी यांनी, अपुऱ्या दिवसांच्या आणि श्वास घेऊ न शकणाऱ्या २० बाळांना सतत थोडा हवेचा दाब दिला आणि त्यातली १६ जगली. हेच सीपॅप. श्वास सोडल्यावर फुप्फुसात थोडी हवा दाबून राहते, बारीक नळ्या मिटत नाहीत, पुढचा श्वास घ्यायला कमी जोर लागतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जेन-टिएन वुंग यांनी त्याचं सगळ्यात साधं रूप रुजवलं : नाकात दोन आखूड नळ्या, आणि श्वास बाहेर जायच्या नळीचं टोक पाण्यात पाच सेंटीमीटर बुडवलेलं. जितकी खोल बुडवाल तितका दाब. पाण्यात बुडबुडे येत राहिले की समजायचं, आधार चालू आहे.

आणि हे सीपॅप आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी नाही असं थोडंच आहे? नवजात शिशू कक्षात, ज्याला लोक ‘काचेत ठेवलंय’ म्हणतात तिथे, ते आहे आणि ते चालवणाऱ्या सिस्टरही आहेत. पण तो कक्ष २८ दिवसांपर्यंतच्या बाळांसाठी. एकोणतिसाव्या दिवशी बाळ नवजात राहत नाही, ते मुलांच्या वॉर्डाचं होतं. म्हणजे ज्या वयात ब्राँकिओलायटिस सगळ्यात जास्त गाठतो, त्याच वयाच्या बाळाला त्याच इमारतीतलं सीपॅप बंद. मी स्वतः त्या दाराच्या आतल्या बाजूला होते. एका रात्री मुलांच्या वॉर्डातली मुलगी, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तिला, धावत आली. अडीच महिन्यांचं बाळ आहे, आत घ्याल का? मी नाही म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन, कारण आरएसव्हीचं बाळ नवजात कक्षात आणणं म्हणजे दीड-दीड किलोंच्या वीस बाळांच्या नाकाशी तो विषाणू नेणं. पण त्या रात्री माझा नियम बरोबर होता म्हणून त्या बाळाला श्वास मिळाला का? बाळ आत येऊ शकत नाही, हे मान्य. मग यंत्र आणि ते चालवणारे हात बाहेर का जाऊ शकत नाहीत? याचं उत्तर मला कुठल्याच परिपत्रकात सापडलं नाही.

आता विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा, कारण तो टाळून बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. साध्या सीपॅपचं नाव काढलं की सगळे ढाक्याची गोष्ट सांगतात. मोहम्मद जोबायेर चिश्ती हे १९९६ साली बांगलादेशातल्या सिल्हेटच्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होते, आणि पहिल्याच रात्री त्यांच्या डोळ्यांदेखत तीन मुलं न्यूमोनियानं गेली. पुढे त्यांनी ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात शँपूच्या रिकाम्या बाटलीतून बुडबुड्यांचं सीपॅप बनवलं आणि त्याची रीतसर चाचणी घेतली. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले आकडे असे : तीव्र न्यूमोनियाच्या मुलांत साध्या ऑक्सिजनवर ६७ पैकी १० गेली, बुडबुड्यांच्या सीपॅपवर ७९ पैकी ३. गोष्ट खरी आहे आणि डोळ्यांत पाणी आणणारी आहे. पण ती सांगणारे चार वर्षांनंतरची आफ्रिकेतल्या मलावीची गोष्ट सांगत नाहीत. तिथल्या सालिमा जिल्हा रुग्णालयात ६४४ मुलांवर हाच प्रयोग झाला. साध्या ऑक्सिजनवर ३२३ पैकी ३५ मुलं गेली. सीपॅपवर ३२१ पैकी ५३. आधारावर ठेवलेली मुलं जास्त गेली. रोज डॉक्टरांची देखरेख नसेल अशा ठिकाणी अशा मुलांवर हे वापरू नये, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे, आणि आमच्या सभेतल्या त्या डॉक्टरांच्या शंकेला याहून मोठा आधार दुसरा नाही.

हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. मग पुन्हा वाचलं. सालिमातली मुलं मुळातच फार वाईट अवस्थेतली होती : कुणी कुपोषणानं खंगलेलं, कुणाला एचआयव्ही, कुणाचा ऑक्सिजन फारच खाली. दोन्ही ठिकाणचा आजार न्यूमोनिया, आमचं बाळ ब्राँकिओलायटिसचं, हा फरकही मी लपवत नाही. पण माझ्या मते खरा फरक बाटलीच्या बाहेर होता. ढाक्याच्या त्या वॉर्डात शिकलेले डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास होत्या. रीत तीच, पाणी तेच, बुडबुडे तेच. मग एका गावी ती जीव वाचवते आणि दुसऱ्या गावी वाचवत नाही, याचा अर्थ बाटली वाईट असा लावायचा, की बाटलीभोवती जे होतं ते मोजायचं आपण विसरलो असा? घानातल्या दोन साध्या रुग्णालयांत २२०० मुलांवर असाच अभ्यास झाला, तिथे सीपॅप लावण्याचं काम शिकवून तयार केलेल्या परिचारिकांकडे होतं. सगळ्या मुलांचा हिशेब एकत्र केला तर मृत्यूंत फरक पडला नाही. वर्षाच्या आतल्या बाळांत मात्र पडला, आणि तो सीपॅपच्या बाजूनं पडला. आमचं बाळ वर्षाच्या आतलंच होतं.

त्या बाटलीभोवती काय असतं, ते मी जवळून सांगते, कारण सभेत बसणाऱ्यांनी ते पाहिलेलं नसतं. दिवाळीनंतरचे दिवस होते. उसाच्या फडावरच्या कोपीतून आणलेलं, आठव्या महिन्यात जन्मलेलं, आता सव्वादोन महिन्यांचं बाळ. ठरवून एका रात्रीपुरतं मला मुलांच्या वॉर्डात पाठवलं होतं. पहिला अर्धा तास मी सीपॅपला हात लावला नाही. आधी नाकात सलाईनचे थेंब आणि हलकं सक्शन, कारण बुजलेल्या नाकात दाब देऊन उपयोग नाही. मग नाकाच्या मापाची नळी. ती सैल झाली तर हवा निसटते, घट्ट झाली तर नाकाच्या मधल्या पडद्याला जखम होते, आणि ती जखम काही तासांतही होऊ शकते. तोंडातून पोटात एक बारीक नळी, वरचं टोक उघडं, कारण ही हवा पोटातही जाते. पोट फुगलं की फुप्फुसाला जागा उरत नाही, आणि उलटी झाली तर ती सरळ छातीत उतरते. हवा कोमट आणि ओली हवी, म्हणून त्या भांड्यातलं पाणी संपू द्यायचं नाही. उलट नळ्यांत साठलेलं पाणी दर तासाला झटकून काढायचं, नाही तर तेच बाळाच्या नाकात येतं. बाळानं तोंड उघडलं की बुडबुडे बंद. हनुवटीला हलका आधार दिला की पुन्हा सुरू. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, घड्याळ हातात धरून, पंधरा सेकंदांना चारनं गुणून नाही, कारण अपुऱ्या दिवसांचं बाळ मधेच दहा-पंधरा सेकंद श्वास घ्यायचं विसरतं आणि ते त्या पंधरा सेकंदांच्या मोजणीत सापडत नाही. मध्यरात्रीला ७२ श्वास होते, पहाटे तीनला ५८, साडेपाचला ५०. साडेपाचला त्यानं माझं बोट धरलं. त्या रात्रीत मी त्या खाटेपासून दोनदा उठले, दोन्ही वेळा दुसऱ्या सिस्टरला बसवून. आता सांगा, ही रात्र यंत्राच्या किमतीत धरली होती का?

दुसरा मुद्दा श्रीमंत देशांतून येतो आणि तोही खरा आहे. सीपॅपचं एक धाकटं भावंड म्हणजे हाय फ्लो. कोमट, ओली हवा नाकातून मोठ्या वेगानं सोडायची, साधारण किलोमागे मिनिटाला दोन लिटर. बाळाला सोसायला सोपं, लावायला सोपं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या १७ रुग्णालयांत १४७२ बाळांवर याचा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या ऑक्सिजनवरच्या २३ टक्के बाळांचे उपचार वाढवावे लागले, हाय फ्लोवर १२ टक्के बाळांचे. यंत्रं विकणाऱ्यांनी एवढंच उचललं. त्याच अभ्यासात हेही आहे की अतिदक्षता विभागात जाणाऱ्या बाळांचं प्रमाण बदललं नाही, रुग्णालयातले दिवस कमी झाले नाहीत, आणि साध्या ऑक्सिजनवर न भागलेल्या बाळांना मागाहून हाय फ्लो दिल्यावर त्यातली निम्म्याहून जास्त सावरली. याचा सरळ अर्थ, सगळ्यांना पहिल्या तासापासून हे लावायची गरज नाही. आपल्या मोठ्या शहरांत आज नेमकं उलट होताना मी पाहते. ज्या बाळाला नाक साफ करून आईजवळ दिलं असतं तर भागलं असतं, ते बाळ हाय फ्लोवर चार दिवस काचेआड राहतं आणि बिल पाहून बाप दागिने मोडायला जातो. त्याच आठवड्यात घाटावरच्या बाळाला तो आधार तीन तासांच्या अंतरावर असतो. या दोन गोष्टी एकाच राज्यात घडतात, आणि पहिलीचा दाखला देऊन दुसरी नाकारली जाते. गरज नसताना वापर होतो, म्हणून गरज असलेल्याला देऊ नका, हा कुठला न्याय?

हाय फ्लो बरं की सीपॅप, यावरही लोक भांडतात. फ्रान्समधल्या पाच अतिदक्षता विभागांत सहा महिन्यांपर्यंतच्या १४२ बाळांवर तुलना झाली, तेव्हा हाय फ्लो निम्म्या बाळांना अपुरं पडलं, सीपॅप ३१ टक्क्यांना. फार दमलेल्या बाळाला सीपॅप, कमी दमलेल्याला हाय फ्लो, एवढं माझ्या अनुभवालाही पटतं. आमच्यासारख्या ठिकाणी बुडबुड्यांचं सीपॅप स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं, म्हणून माझं मत तिकडे. यावर याहून जास्त वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

साध्या साधनाची बाजू घेणारे नेहमी जलसंजीवनीचा दाखला देतात. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनाबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचं सलाईन संपलं, त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं, आणि पटकीचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे. पण हा दाखला इथे लागू पडत नाही, आणि तो लावणारे माझ्याच बाजूचे असले तरी मी ते सांगणार. मीठ-साखरेचं पाणी चुका माफ करतं. एक वाटी कमी पाजली, एक जास्त पाजली, तरी निभावतं. सीपॅप चुका माफ करत नाही. त्याला जवळचा दाखला १९५२ च्या कोपनहेगनचा आहे. पोलिओच्या साथीत श्वास बंद पडलेले रुग्ण तिथल्या ब्लेगडाम रुग्णालयात येत होते, लोखंडी फुप्फुसासारखी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाचा आधार लागलेल्या ३१ पैकी २७ रुग्ण गेले. मग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्यात छेद घेऊन रबरी पिशवीनं हातानंच श्वास द्यायचं ठरवलं. हात कुणाचे? वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचे. पाळीपाळीनं, रात्रंदिवस, महिनोन् महिने, सगळे मिळून सुमारे पंधराशे विद्यार्थी. मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं, आणि अतिदक्षता विभाग ही कल्पना तिथून जगभर गेली. आज अतिदक्षता म्हटलं की आपल्याला पडदे आणि दिवे आठवतात. पण तिचा जन्म खाटेशेजारी बसलेल्या माणसातून झाला. यंत्रं नंतर आली, त्या हातांची बदली म्हणून, आणि बदली करताना आपण नजर मात्र कुणालाच नेमून दिली नाही.

आपल्या घरचा दाखला तर आणखी जवळचा आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. ज्यांना मिनिटभर आकडे मोजणं जमत नव्हतं त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. कमी शिकलेल्या बायकांच्या हाती औषध द्यायचं, या कल्पनेनंच तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी. गोळी तर तालुक्याच्या दुकानातही होती. गावात नव्हता तो श्वास मोजणारा माणूस.

‘वेळेत पुढे पाठवा, इथे प्रयोग नकोत,’ असं म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे. सीपॅप लागलं की घरच्यांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही खोटा धीर येतो, आणि पाठवायला उशीर होतो. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून नाकारत नाही. त्यावर उपाय लिहून ठेवलेल्या वेळेचा आहे : लावल्यापासून एका तासानं आणि मग चार तासांनी मोजा, श्वास उतरले नाहीत, ऑक्सिजन वाढवत न्यावा लागला, बाळ मधे मधे श्वास थांबवू लागलं, तर १०८ ची गाडी बोलवा, आणि बाळ त्याच आधारावर गाडीत चढवा. आज काय होतं? दमलेलं बाळ नुसत्या बारीक नळीवर गाडीत जातं, सोबत आई आणि एक चिठ्ठी. ‘वेळेत पाठवा’ म्हणणाऱ्यांनी घाटातल्या त्या तीन तासांत बाळाचा श्वास कोण धरून ठेवणार, याचं उत्तर दिलं पाहिजे. आणि लसींचं म्हणाल, तर गरोदरपणात आईला द्यायची आरएसव्हीची लस आणि बाळाला द्यायची प्रतिपिंडाची सुई गेल्या काही वर्षांत जगात आल्या आहेत. त्या आपल्या गावात फुकट पोचतील त्या दिवशी मी पहिली आनंदी होईन. तोवर पावसाळे येत राहणार.

पैसे नाहीत, हे कारण मला मान्य नाही. २०२० मध्ये ५०,००० व्हेंटिलेटरसाठी २,००० कोटी रुपये निघाले. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं २३,१२३ कोटींचं पॅकेज मंजूर केलं, त्यात देशातल्या ७३६ जिल्ह्यांत मुलांचे कक्ष उभारायचे होते. वस्तू आल्या. मी एका ठिकाणी मुलांच्या कक्षातली नवी यंत्रं पाहिली, वरचं प्लास्टिक तसंच होतं, आणि शेजारच्या जुन्या वॉर्डात चौतीस मुलांमागे रात्री दोघी. जिला सीपॅप शिकवलं होतं ती सहा महिन्यांत शस्त्रक्रिया विभागात गेली, तिच्या जागी आलेली कंत्राटी, मार्चअखेर तिचंही कंत्राट संपायचं होतं. यंत्राची खरेदी एकदा होते, तिचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. परिचारिकेचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याचं उद्घाटन कुणी करत नाही. मी परिचारिका असल्यामुळे आपल्या लोकांसाठी जागा मागते, असं कुणी म्हणेल. हो, मागते. तान्ह्या बाळाच्या श्वासाचे आकडे माझ्या लोकांशिवाय दुसरं कोण लिहितं?

काहींनी सभेत सुचवलं की आईलाच शिकवा, ती तर बसलेलीच असते. मी आयांना बुडबुडे दाखवते, ते थांबले तर हाक मारायला शिकवते, आणि त्या कुणाहीपेक्षा आधी हाक मारतात. पण हाक मारल्यावर यायला कुणी तरी हवं ना? तीन रात्री न झोपलेल्या, टाके न सुकलेल्या बाईवर आपल्या लेकराच्या श्वासाची जबाबदारी टाकून वर तिला सहभाग म्हणणं मला सहन होत नाही.

माझं मागणं मोठं नाही. नवजात कक्षातल्या अनुभवी सिस्टरनं मुलांच्या वॉर्डातल्या चौघींना दोन महिने हाताला धरून शिकवावं. त्या चौघींना जून ते डिसेंबर दुसरीकडे हलवू नये. सीपॅपवर असलेल्या दोन बाळांमागे एक परिचारिका, तिला त्या पाळीत दुसरं काम नाही. अशी परिचारिका त्या रात्री नसेल, तर सीपॅप लावू नये आणि बाळ लगेच, शिकलेल्या माणसासोबत, पुढे पाठवावं. ऑक्सिजनचा प्लँट चालू आहे का, हे एप्रिलमध्येच पाहावं.

निवेदनावर पुढची सभा येत्या महिन्यात आहे. व्हेंटिलेटरच्या प्रस्तावावर सही करण्याआधी सगळ्यांनी रुग्णालयाचा ऑगस्टचा ड्युटीचा तक्ता मागवून पाहावा, असं मी लेखी कळवलं आहे. ते बाळ आलं त्या रात्रीच्या रकान्यात एकच नाव आहे, आणि त्याच नावापुढे प्रसूतिकक्षही लिहिलेला आहे.